प्यायचा अर्क, फवारायचा अर्क: बाटलीत नेमकं उतरतं काय?

प्रश्न असा आहे: समुद्री शेवाळाचे आणि औषधी वनस्पतींचे द्रव अर्क माणसालाही उपयोगी आणि पिकालाही, असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्यात तथ्य किती? एकच बाटली दोन्हीकडे चालते का? आणि घरी करता येतं का?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो. एकच बाटली दोन्हीकडे चालत नाही. घरी करता येतं, पण फवारणीपुरतं आणि तेही काही पथ्यं पाळून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबणार आहे. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कशात उतरवला, किती तापवला, किती दिवस ठेवला, हे कळल्याशिवाय नुसत्या ‘अर्क’ या शब्दाला ‘औषध’ या शब्दापेक्षा जास्त अर्थ नाही. वीस-बावीस वर्षं मी हेच काम करतो आहे, आधी औषधी वनस्पतींचं आणि नंतर शेवाळाचं. कोणी ‘अमुक वनस्पतीचा अर्क गुणकारी आहे’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कशात काढलेला?

पाणी एक गोष्ट ओढतं, अल्कोहोल दुसरी. पाण्यात साखरा, चिकट द्रव्यं, टॅनिन, क्षार सहज उतरतात. राळ, सुगंधी तेलं आणि बरेचसे अल्कलॉइड अल्कोहोलात चांगले उतरतात. तेलात आणखी तिसरंच काही येतं. आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेतच: ठेचून पिळला तो स्वरस, उकळून आटवला तो काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवला तो हिम, गरम पाणी ओतून झाकून ठेवला तो फांट. झाड तेच, पण चार भांड्यांत चार वेगळी द्रव्यं.

हे नुसतं पोथीतलं वर्गीकरण नव्हे, याचं सगळ्यात मोठं उदाहरण मलेरियाच्या औषधाचं आहे. चीनमध्ये तू यूयू यांचा गट छिंगहाव या वनस्पतीवर काम करत होता. अर्क कधी गुण द्यायचा, कधी अजिबात नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ग्रंथात त्यांना एक ओळ सापडली: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवावी, पिळावी आणि तो रस प्यावा. उकळायचं नाव नाही! म्हणजे उष्णतेनं औषध मरत असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणारा ईथर हा द्रावक घेतला आणि ऑक्टोबर १९७१ मधल्या १९१ क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांमधला मलेरिया पूर्ण थोपवला. त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन हाती आलं आणि २०१५ साली नोबेल मिळालं. इतकं होऊनही त्याच वनस्पतीचा चहा मलेरियावर घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम विरघळतं, दर कपात किती उतरलं ते कळत नाही आणि अपुऱ्या मात्रेनं परजीवी मरण्याऐवजी निर्ढावतो.

आता शेतीकडे येतो. शेवाळाच्या अर्काचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात प्रामाणिक उपयोग आज तिथेच आहे.

बाजारातला बहुतेक माल अ‍ॅस्कोफायलम नोडोसम या तपकिरी शेवाळाचा असतो. उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवर, म्हणजे नॉर्वे, आयर्लंड, स्कॉटलंड, नोव्हा स्कोशिया या पट्ट्यात ते खडकांना धरून वाढतं. नेहमीची पद्धत अशी: शेवाळ कुटायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीच्या द्रावणात तापवायचं, गाळायचं. काळपट तपकिरी, साबणासारखा हाताला निसरडा लागणारा द्रव मिळतो. त्याचा पीएच बहुधा ८ ते १० असतो. दुसरी पद्धत दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एक्लोनिया मॅक्सिमा या शेवाळावर वापरतात. तिथे उष्णता नाही की अल्कली नाही, दाबाच्या फरकानं पेशी फोडतात. तिसरी पद्धत मला व्यक्तिशः फार आवडते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेनं कप्पाफायकस या लाल शेवाळासाठी ती बसवली. ताजं शेवाळ वाळवायच्या आधीच पिळायचं, रस फवारणीला आणि चोथ्यातून कॅराजीनन, म्हणजे खाद्यपदार्थांना दाटपणा आणणारं द्रव्य. पूर्वी हा रस वाळवणीत उडून जायचा. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते याला.

तीन पद्धती, तीन अर्क. तरी लेबलवर तिन्हीकडे ‘समुद्री शेवाळ अर्क’ एवढंच छापलेलं असतं.

पीक यातून खातं काय? जवळजवळ काहीच नाही. हिशोब करून बघा. लिटरला ३ मिली या प्रमाणात हेक्टरी ५०० लिटर पाणी फवारलं, तर दीड लिटर अर्क गेला. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तर ते साडेसात ग्रॅम भरतं. पीक हेक्टरी नत्र उचलतं ते कित्येक दहा किलोंत. पालाश पाच टक्के धरला तरी ७५ ग्रॅम, आणि तोही बराचसा शेवाळातला नव्हे, तर अर्क काढताना घातलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधला! म्हणून ‘खताला पर्याय’ असं छापलेली बाटली मी तिथेच खाली ठेवतो.

मग पीक हिरवंगार दिसतं, मुळ्या वाढतात, ते कशानं? बरीच वर्षं उत्तर ठरलेलं होतं: शेवाळात सायटोकायनिन, ऑक्झिन अशी संजीवकं (वनस्पतीची वाढ ठरवणारी द्रव्यं) असतात, त्यांनी. ती असतात हे खरं. पण इतक्या पातळ फवारणीत त्यांची मात्रा फारच थोडी उरते आणि अल्कलीत तापवताना त्यातली काही टिकतही नाहीत. आता जे चित्र दिसतं ते वेगळं आहे. अर्कातल्या बहुशर्करा आणि इतर लहानमोठे रेणू पिकाला इशारा देतात आणि पीक स्वतःची संजीवकं कमीजास्त करतं, ताण सोसायची तयारी करतं. लॅमिनारिनचं उदाहरण घ्या. ही तपकिरी शेवाळातली साठवणीची शर्करा. बुरशीच्या पेशीभित्तीतल्या शर्करेशी तिची घडण जुळते. पानावर पडली की पिकाला वाटतं बुरशी आली, आणि ते बचावाची फळी उभी करतं. बुरशी आलेलीच नसते. लॅमिनारिनला युरोपात पीकसंरक्षणासाठी रीतसर मान्यता आहे.

इशाऱ्याचं एकदा लक्षात घेतलं की वापराचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. इशारा संकटाच्या आधी द्यायचा असतो. उन्हाचा चटका, पाण्याचा ताण, पुनर्लागवड यांच्या काही दिवस आधी फवारलेला अर्क उपयोगी पडतो. पीक मान टाकून बसल्यावर फवारलेला फारसा नाही. आणि इशारा मोठ्यानं दिला म्हणून जास्त ऐकू जातो असं नाही. सुरुवातीच्या काळात मी बियाणं भिजवायला अर्ध्या टक्क्याऐवजी पाच टक्क्यांचं द्रावण करून बसलो, दशांश चिन्हाची चूक. साध्या पाण्यातलं बी ट्रेमध्ये एकसारखं वर आलं. अर्कातलं उशिरा, तुटक, आणि मुळ्यांची टोकं तपकिरी. कमी मात्रेत चालना आणि जास्त मात्रेत अटकाव, हा या अर्कांचा स्वभावच आहे. ‘दुप्पट टाकलं तर दुप्पट गुण’ हा हिशोब इथे उलटा पडतो.

परिणाम सगळीकडे सारखा मिळतो का? नाही. जमीन कसदार, पाणी वेळेवर, हवा अनुकूल असेल तर फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळीत कित्येकदा डोळ्याला फरक दिसत नाही. क्षारपड जमीन, कोरडा पट्टा, उष्ण वारा अशा ठिकाणी फरक उठून दिसतो. त्यामुळे दोन शेतकरी एकाच बाटलीबद्दल अगदी उलट बोलतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

मिसळण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण यात माझा अख्खा एक दिवस गेला आहे. पंपात कॅल्शियम नायट्रेट होतं. त्यातच शेवाळाचा अर्क ओतला. पाच मिनिटांत नोझल बंद. उघडून बघतो तर जाळीवर माशाच्या अंड्यांसारखे पारदर्शक, तपकिरी, बुळबुळीत गोळे. बोटानं दाबले तर निसटायचे, फुटायचे नाहीत. शेवाळातलं अल्जिनेट, म्हणजे त्याच्या पेशीभित्तीतली चिकट बहुशर्करा, आणि कॅल्शियम भेटले की जेली होणारच. तेव्हापासून नियम केला, पंपात ओतायच्या आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात मिसळायचं आणि अर्धा तास बघायचं. साका, गुठळी, तवंग, काहीही दिसलं तर वेगळी फवारणी. अल्कली पद्धतीचा अर्क आम्लधर्मी औषधांबरोबर असाच रुसतो.

गंमत म्हणजे नोझल चोंदवणारी हीच अभिक्रिया दवाखान्यात कामाला येते. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञानं १८८१ च्या सुमारास शेवाळातून अल्जिनेट वेगळं केलं. आज वाहत्या जखमेवर कॅल्शियम अल्जिनेटची पट्टी लावतात. जखमेतल्या स्रावातलं सोडियम आत जातं, कॅल्शियम बाहेर येतं, पट्टीची जेली होते आणि जखम ओलसर राहते. छातीतल्या जळजळीवरच्या काही पातळ औषधांतही अल्जिनेट असतं. पोटातल्या आम्लात त्याचा जेलीचा तराफा होतो, सोबतच्या बायकार्बोनेटमधून सुटणारा वायू तो वर तरंगत ठेवतो आणि आम्ल अन्ननलिकेत चढायला अटकाव होतो. शेवाळ आरोग्याला उपयोगी आहे का, असं विचारलंत तर माझं पहिलं उत्तर हे: आहे, पण ते शुद्ध केलेल्या, मोजलेल्या, एकेका कामाला लावलेल्या घटकाच्या रूपात. दुसरं तसंच उदाहरण डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लाचं. माशांच्या शरीरात ते येतं मुळात सूक्ष्म शेवाळातून. मग मासा वगळून टाक्यांत वाढवलेल्या सूक्ष्मजीवांपासूनच तेल काढतात, आणि ते शिशुआहारातही वापरलं जातं.

याच्या उलट टोकाला ‘संपूर्ण शेवाळाचा नैसर्गिक द्रव’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या. इथे माझा हात आखडतो, आणि पहिलं कारण आयोडीन. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. वरची मर्यादा युरोपात ६०० आणि अमेरिकेत ११०० मायक्रोग्रॅम धरतात. केल्प या मोठ्या तपकिरी शेवाळाच्या एका वाळलेल्या ग्रॅममध्ये हजाराहून अधिक मायक्रोग्रॅम निघू शकतं, तर दुसऱ्या एखाद्या शेवाळात काही दहाच. म्हणजे चमचाभर द्रवात किती आयोडीन आहे हे लेबलवर आकड्यात नसेल, तर थायरॉइडच्या रुग्णानं आणि गरोदर स्त्रीनं त्या बाटलीला हातही लावू नये. दुसरं कारण जड धातू. शेवाळ समुद्रातलं जे मिळेल ते शोषतं. हिजिकी या शेवाळात असेंद्रिय आर्सेनिक इतकं सापडलं की ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं २००४ साली ते खाऊच नका असा सल्ला दिला.

स्पिरुलिनाबद्दल हमखास विचारतात. ते खरं तर शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे ज्यांना नील-हरित शेवाळ म्हणायची सवय आहे ते जिवाणू. वाळलेल्या पुडीत निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात हे खरं, पण निळ्या द्रवाच्या चमचाभर मात्रेत प्रथिनं किती येणार? त्याचा निळा रंग म्हणजे फायकोसायनिन. खाद्यरंग म्हणून तो उत्तम आहे. फक्त साठ अंशांच्या वर तापवलं की निळा झपाट्यानं उतरतो. बी-१२ साठी मात्र त्याच्यावर विसंबू नका, त्यातलं बहुतांश रूप माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. आणि उघड्या पाण्यातून गोळा केलेल्या नील-हरित शेवाळात मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष मिसळलेलं असू शकतं. उकळल्यानं ते जात नाही. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यानं १९९७ मध्ये अशा उत्पादनांसाठी ग्रॅमला एक मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, ती तिथल्या क्लॅमथ सरोवरातून मिळणाऱ्या मालामुळे. बंद टाकीत वाढवलेलं आणि दर बॅच तपासलेलं असेल तरच घ्या. जाता जाता, ‘क्लोरोफिल’ म्हणून विकला जाणारा हिरवा द्रव बहुधा क्लोरोफिलिन असतो, म्हणजे मूळ रेणूतलं मॅग्नेशियम काढून तांबं बसवलेला, प्रयोगशाळेत बदललेला पदार्थ.

फुकॉइडन (तपकिरी शेवाळातली एक बहुशर्करा) आणि रोगप्रतिकारशक्ती वगैरे दाव्यांबद्दल थोडक्यात: प्रयोगशाळेतल्या बशीत बरंच काही दिसतं, पण हा रेणू मोठा आहे आणि तोंडावाटे घेतल्यावर रक्तात फारच थोडा पोहोचतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र ‘थोडाच पोहोचतो’ म्हणून निर्धास्त राहू नका. डॉक्टरांना विचारा.

जमिनीवरच्या वनस्पतींच्या अर्कांचं काय? इथे लोकांना गुणाची शंका असते, मला धास्ती मात्रेची असते. ग्रीन टीचा कप आणि ग्रीन टीचा घट्ट अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पूरक म्हणून घेतलेल्या अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) गेलं तर यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये नोंदवलं. ज्येष्ठमधाचा अर्क रोज घेत राहिलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. उदासीनतेवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे यकृत इतर औषधं भराभर संपवू लागतं. गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो, अवयवरोपण झालेल्यांच्या रक्तातली औषधाची पातळी घसरते. हे सगळे अर्क गुणकारी आहेत म्हणूनच अपायही करू शकतात. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ म्हणणारा माणूस नकळत ‘याचा गुणही काही नाही’ असंच म्हणत असतो.

आता कडुनिंब, कारण ‘दोन्हीकडे चालतं’ हा समज त्याच्याच नावावर सर्वात जास्त खपतो. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा कीटकशास्त्रज्ञ श्मुटरर यांनी पाहिलं की आजूबाजूची झाडं ओरबाडली गेली, कडुनिंब तेवढा शिल्लक राहिला. त्यामागचा मुख्य रेणू अझाडिरॅक्टिन. तो किडीला जागच्या जागी मारत नाही. तिचं खाणं थांबवतो, कात टाकणं बिघडवतो. त्यामुळे लहान अळ्यांवर उत्तम, वाढलेल्या किडीवर जेमतेम. उन्हात तो लवकर विघटित होतो म्हणून फवारणी संध्याकाळी. अल्कलीतही तो टिकत नाही, म्हणून शेवाळाच्या अल्कली अर्कात मिसळून फवारलात तर दोन्हीचे पैसे देऊन एकच फवारल्यासारखं. आणि पोटात घेण्याबद्दल: कडुनिंबाचं तेल पाजल्यामुळे तान्ह्या मुलांना झटके येऊन यकृत आणि मेंदूवर गंभीर परिणाम झाल्याच्या नोंदी १९८० च्या दशकापासून वैद्यकीय साहित्यात आहेत. पिकाला सौम्य ते बाळाला सौम्य, असं नसतं. तंबाखूचा काढा फवारायचा सल्लाही अजून फिरतो. निकोटिन ओल्या कातडीतून आत जातं. ओल्या पानांची तोडणी करणाऱ्यांना त्यानंच उलट्या आणि गरगर होते. तो काढा करूच नका.

घरी करायचं असेल तर शेवाळ साध्या पाण्यात दोनदा-तीनदा धुऊन मीठ काढा, बारीक करा, हलकं तापवा, फडक्यातून गाळा, पंपाच्या जाळीतून जाईल इतकं स्वच्छ. दोन-तीन दिवसांत संपवा. पाण्यात काढलेला, टिकाऊ काही न घातलेला अर्क म्हणजे जिवाणूंना पंगतच. ‘डब्यात घट्ट बंद करून महिनाभर कुजवा’ या कृतीपासून लांब राहा. कुजणाऱ्या शेवाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. २००९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर कुजलेल्या शेवाळाच्या ढिगात एक घोडा दगावला आणि त्याचा स्वार बेशुद्ध पडला. तो किनारा होता, उघड्यावरचा! बंद खोलीत ड्रमचं झाकण उघडणं किती धोक्याचं, ते यावरून समजा. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर पळायला वेळ असतो. वास अचानक येईनासा झाला तर वायू गेला म्हणून नव्हे, नाक बधिर झालं म्हणून. आंबवलेलं कोणतंही द्रावण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर काढणीच्या तोंडावर मारू नका.

विकत घेणार असाल तर बाटली फिरवून मागची बाजू वाचा. शेवाळाचं पूर्ण नाव, काढायची पद्धत, घन पदार्थांचं प्रमाण, पीएच, बॅच क्रमांक. प्यायच्या अर्कावर द्रावक आणि प्रमाण हवं: एकास एक म्हणजे एक मिलीत एक ग्रॅम वनस्पती, एकास पाच म्हणजे पाच मिलीत एक ग्रॅम. ‘अमुक ग्रॅम वनस्पतीच्या तोडीचा’ एवढंच लिहिलेलं असेल तर मुख्य घटक मोजलेला नाही असं समजा.

आणि तुमच्या पिकाला फरक पडतो का, हे तुम्हालाच बघावं लागेल. चार ओळींवर अर्क फवारा. शेजारच्या चार ओळींवर त्याच दिवशी, त्याच पंपानं, तेवढंच साधं पाणी. कोरड्या ओळीशी तुलना करू नका, कारण ताणातल्या पिकाला नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानंही तजेला येतो आणि श्रेय बाटलीला जातं. ओळींच्या टोकाला खुंट्या ठोका, नाहीतर तीन आठवड्यांनी कोणती ओळ कोणती हेच आठवत नाही (मला आठवलं नव्हतं). पानांच्या रंगावर जाऊ नका. फुटवे मोजा, फळं मोजा, शेवटी वजन करा. फरक निघाला तर बॅच क्रमांक वहीत लिहून ठेवा, कारण पुढच्या बाटलीतलं शेवाळ वेगळ्या ऋतूत कापलेलं असेल, आणि लॅमिनारिन ऋतूबरोबर कमीजास्त होतं.